ग्राइंडरची मोटर

"पडून आहे ना? मग नेतो."

मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. मधल्या दाराचा पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता, म्हणून मला फक्त पाय दिसत होते. आईचे, आणि समोर आमच्या घरमालकांचे. खाकी अर्ध्या चड्डीखाली काटकुळ्या पोटऱ्या, टाचांच्या भेगांत लोखंडाची काळी पूड. ते पाय बोलत असतानाच स्वयंपाकघराकडे वळलेले होते.

"हात बरा होईपर्यंतच हं, अण्णा," आई म्हणाली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. धुण्याच्या दगडापाशी पाय घसरून मनगट मोडलं होतं.

"हो हो, बरा होऊ दे की. आणि मुलीला विचारायचं असेल तर विचारा वहिनी. पण ती काय बोलते थोडीच!"

ते हसले. आईही हसली. मग पाना फिरल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने आमच्या इडली-डोशाच्या ग्राइंडरची मोटर त्यांच्या खांद्यावर बसून परसदारातल्या पत्र्याच्या शेडकडे गेली.

सप्तापुरातल्या त्या बोळात आजही कुणाला अण्णांबद्दल विचाराल तर तो आधी हसेल. मग म्हणेल, "अण्णा ना? वल्ली माणूस!" आणि मग किस्से सुरू होतील. मी ते किस्से लग्नात ऐकले आहेत, बसस्टॉपवर ऐकले आहेत, एकदा तर हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात कापड घेत असताना दुकानदाराने ऐकवले. सांगणारा प्रत्येक जण खूश असतो. मला 'वल्ली' हा शब्द आवडत नाही. एखाद्याने तुमच्या घरातून काही उचलून नेलं आणि जाता जाता तुम्हाला हसवलं, की त्याला चोर म्हणत नाहीत, वल्ली म्हणतात. हे मी रागाने लिहिते आहे. राग लपवून लिहिता येईल का, तेही करून पाहिलं. जमलं नाही.

अण्णा पूर्वी एका कॉलेजात प्रयोगशाळेत होते. तिथे कुणाशी तरी वाजलं आणि त्यांनी नोकरी सोडली. वाजलं कशावरून, याच्या निरनिराळ्या हकिगती होत्या आणि सगळ्या त्यांनीच सांगितलेल्या होत्या. मग त्यांच्या डोक्यात सुऱ्या शिरल्या. बाजारातल्या स्टीलच्या सुरीला ते 'चमचा' म्हणत. कुणाच्या घरी जेवायला गेले की आधी विळी आणि सुरी मागवून घेत, अंगठ्याने धार बघत आणि यजमानीणबाईंकडे असं बघत, जणू तिच्या घरी कुणीतरी आजारी आहे. त्यांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एकही केस नव्हता. प्रत्येक नवी सुरी तिथे फिरवून पाहायची त्यांची पद्धत होती. स्वतःचा हात संपला की दुसऱ्याचा. पोस्टमन पत्र द्यायला आला की, "हात दाखव रे जरा," आणि पोस्टमनही हसत बाही वर करायचा. बोळातल्या निम्म्या पुरुषांच्या हाताला अशी एकेक टकलाची पट्टी होती आणि ते ती कौतुकाने दाखवायचे.

सुरी करायची तर पातं घासायला यंत्र हवं. तसलं यंत्र आपल्या बाजारात मिळत नाही, मिळालं तर कारखान्यांना मिळतं. म्हणून अण्णांनी ते स्वतः बांधायला घेतलं. लोखंडी अँगलची चौकट, तिच्यावर तीन चाकं, आणि त्या चाकांवरून ताणून फिरणारा एमरी कापडाचा, म्हणजे पॉलिश कागदासारख्या खरखरीत कापडाचा, लांब पट्टा. एमरी कापडाचं भेंडोळं तेवढं ते दुर्गदबैलातून विकत आणत. पट्ट्याची दोन टोकं सरस लावून जोडत आणि वर वजन ठेवून वाळवत. बाकी सगळं बोळातून आलं.

आलं म्हणजे कसं, ते सांगते. अण्णा कुणाच्याही घरी सहज चक्कर मारायला जायचे. बसायचे नाहीत. उभ्यानेच घरभर नजर फिरवायचे. माळ्यावर, पलंगाखाली, न्हाणीघरामागे. आणि मग त्यांचं ते वाक्य: "पडून आहे ना?" पोस्टमनच्या मुलाची बाबागाडी पावसाळ्यात दाराआड उभी होती. तिचं रबरी चाक यंत्राच्या तोंडाशी बसलं. पातं त्याच चाकावर दाबायचं. समोरच्या घरी एक विधवा कन्नड बाई राहायच्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांच्या भावाची सायकल वर्षातून एकदा, तो सुट्टीवर आला की चालायची. तिच्या मागच्या चाकाचा हब गेला. कुणाच्या स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग पट्ट्याला ताण द्यायला गेली. नाही म्हणायला कुणाला सवड मिळायची नाही, कारण तोवर पाना फिरायला लागलेला असायचा आणि अण्णा काहीतरी गमतीचं बोलत असायचे.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर सुरी यायची.

सुरी सुरेख असायची. मला ते कबूल करावं लागतं आणि त्याचाही राग येतो. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं नाहीतर बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून आणलेल्या जाड करवतीच्या पात्याचं पोलाद, वर शिसवी मूठ. पिकलेला टोमॅटो तिच्या नुसत्या वजनाने कापला जायचा. अण्णा ती उंबऱ्यावर ठेवायचे, दोन पावलं मागे सरायचे आणि म्हणायचे, "उचला. हातात देत नाही, भांडण होतं."

आमच्याकडे सुरी, कात्री अशा वस्तू हातातून हातात देत नाहीत. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलून घ्यायची. हातात दिली तर देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण लागतं म्हणतात. आई हे मानायची. अण्णांच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, त्याही मानायच्या. मी मानत नव्हते, पण हाताला सवय होती. अण्णा मानायचे की नाही मला माहीत नाही. मात्र त्यांनी त्या रीतीचा जेवढा उपयोग करून घेतला तेवढा कुणी केला नसेल. वस्तू न्यायची, सुरी ठेवायची, भांडण नाही. आमच्या बोळात प्रत्येक घरी एक उत्कृष्ट सुरी होती आणि प्रत्येक घरातलं काहीतरी गेलेलं होतं.

त्या यंत्राला आधी पंख्याची मोटर होती. पातं जरा दाबलं की पट्टा थांबायचा आणि अण्णा त्याला कन्नडमध्ये अस्सल शिव्या द्यायचे. मग आमच्या ग्राइंडरची मोटर मिळाली, अर्ध्या हॉर्सपॉवरची, आणि यंत्राला जीव आला. चालू केलं की आमच्या खोलीतला दिवा मंद व्हायचा. रेडिओवर बातम्यांऐवजी खरखर यायची. बारीक काळी पूड उडून आमच्या वाळत घातलेल्या पातळांवर बसायची. आईने एकदा बोलून पाहिलं तर म्हणाले, "लोह आहे वहिनी. रक्त वाढतं. डॉक्टर पैसे घेऊन देतो, मी फुकट देतोय." हाही किस्सा झाला. अक्का तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

एकदा सरसाचा जोड सुटला आणि पट्टा फाडकन त्यांच्या कानशिलावर बसला. कानाला मोठं बँडेज बांधून ते बोळातून असे फिरले की जणू कुणी हार घातला आहे. सगळे बघायला गेले. मीही गेले. मला पट्ट्याची बाजू घ्यावीशी वाटली.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला शिकवली आणि ती मी विसरलेले नाही. मी नळावर पाणी भरत होते. शेडचं दार उघडं होतं. त्यांनी एक खिळा पट्ट्याला लावला. लांब, सरळ, लालसर ठिणग्या निघाल्या आणि विझल्या. मग कानशीचा तुकडा लावला. त्या ठिणग्या वाटेत फुटल्या, प्रत्येकीच्या टोकाला चांदणी. "बघ मिस," ते म्हणाले. मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून ते मला 'मिस' म्हणायचे. "हे मऊ लोखंड, हे पोलाद. तोंड बघून कळत नाही. घासल्यावर कळतं." त्यांचा चेहरा त्या वेळी चेष्टेचा नव्हता. मी पुढे होऊन बघत राहिले. बादली भरून वाहायला लागली. तेवढ्यात त्यांना आठवण झाली असावी की मी कोण आहे. "तुला बोलायला काय, मीटर पडतो का गं? का शाळेत फी घेऊन तोंड शिवून दिलं?" आणि हसले. मी बादली उचलून घरात आले.

माझं बोलणं हा बोळातला दुसरा विनोद होता. मराठी घरात, कन्नड बोळात, शाळा नन्सची. मला राग आला की वाक्यं इंग्रजीत तयार व्हायची, 'प्लीज' आणि 'काइंडली' लावलेली, अर्जासारखी. ती मराठीत आणेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. मी एम.ए. संपवून नोकरीच्या जाहिराती बघत घरी होते. त्या महिन्यांत मी अण्णांना उद्देशून मनात जेवढी वाक्यं तयार केली, तेवढी परीक्षेतही लिहिली नसतील.

आईचं प्लास्टर गणपतीच्या सुमारास निघालं. मोटर गेली तेव्हा नुसती मोटर गेली नव्हती. बाबा गेल्यापासून आई विद्यापीठाच्या बाजूच्या खानावळींना आणि आसपासच्या घरांना इडली-डोशाचं पीठ वाटून द्यायची. आमचं घर त्यावर चालायचं आणि माझं शिक्षणही त्यावरच झालं. हात बांधलेला असेपर्यंत खानावळवाले थांबले. हात सुटल्यावर म्हणाले, "मावशी, दसऱ्यानंतर पीठ द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो." हे त्यांनी वाईट तोंडाने नाही सांगितलं. मुलांना सकाळी इडली लागते, ती कुणाच्या मनगटासाठी थांबत नाही.

आई शेडमध्ये गेली. मी तिच्या मागे, दाराशी.

"अण्णा, हात बरा झाला. मोटर लागेल आता."

अण्णांनी पट्टा थांबवला. चष्मा कपाळावर नेला. "वहिनी, मशीन मोटरीभोवती बांधलंय. मोटर काढली की मशीन मेलं. तुम्हीच सांगा, मारू का?"

आई काय सांगणार? आम्ही त्यांचे भाडेकरू. विद्यापीठाजवळ दोन बायकांना खोली देणारा माणूस सहज मिळत नव्हता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. "तसं नाही हो," ती म्हणाली.

"दुसरी मोटर बघतोच आहे मी. कुठेतरी पडून असेलच की."

आणि मग त्यांना तो विनोद सुचला. तो सुचताना मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला. "आणि काय हो, ग्राइंडरची मोटर ग्राइंडरलाच लागलीय. बिघडलं कुठे?"

कारण त्यांच्या यंत्रालाही ते ग्राइंडरच म्हणत. संध्याकाळपर्यंत तो विनोद बोळाच्या टोकाला पोचला होता. पोस्टमनने तो मलाच सांगितला, मला आवडेल अशा समजुतीने.

तोवर आसपासच्या घरांपुरतं पीठ आई दगडी रगड्यावर वाटायला लागली. डॉक्टरांनी मनगटाला जोर देऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी तिच्या हातातून रगड्याचा दगड काढून घ्यायचे, ती पुन्हा घ्यायची. शेजारी ताटात अण्णांची सुरी चमकत असायची. खोबरं त्या सुरीने लोण्यासारखं कापलं जायचं.

त्या दिवसांत एकदा काकूंनी मला हाक मारली. काकू फार बाहेर यायच्या नाहीत. त्या खिडकीशी बसून हाताने फॉलबिडिंग करत होत्या, सुई डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. मी सहज म्हटलं, "काकू, मशीन नाही का तुमच्याकडे?"

"होतं की. माहेरचं होतं." त्यांनी सुईनेच शेडकडे दाखवलं. "बघितलं नाहीस? सगळं उभंय कशावर ते."

मी बघितलं होतं, पण ओळखलं नव्हतं. अण्णांच्या यंत्राचा खालचा बिडाचा नक्षीदार सांगाडा म्हणजे शिलाई मशीनचा स्टँड होता. पायपट्टीवर अण्णा आता हातोड्या ठेवायचे.

"पहिलं माझं गेलं," काकू म्हणाल्या. "मशीन जरा बिघडलं होतं, दुरुस्तीला द्यायचं होतं. म्हणाले, पडून आहे ना? आणि असं काही बोलले गं, मला हसू आलं." त्यांनी दोरा दाताने तोडला. त्या घरात सुऱ्यांना तोटा नव्हता, तरी दाताने. "हसायला नको होतं बघ."

पुढे आम्ही ती जागा सोडली, दिवाळीच्या आत. टेम्पोत सामान मागे होतं आणि मोटर माझ्या मांडीवर, पोत्यात गुंडाळलेली. तिला जळक्या लोखंडाचा वास येत होता. आज आई नव्या जागी पीठ वाटते आणि मोटर फार वेळ चालली की तिला अजून तो वास येतो. बोळातले लोक आम्हाला भेटले की जरा बिचकून बोलतात. त्यांच्या मते आम्ही एका म्हाताऱ्या, गमतीदार माणसाचं खेळणं मोडलं. म्हणून ती सकाळ सांगायला हवी. किस्से सांगणारे ती वगळतात.

खंडेनवमीचा दिवस होता. त्या दिवशी ज्याने त्याने आपल्या कामाच्या हत्याराची पूजा करायची. सकाळी आईने ग्राइंडरच्या दगडाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. मग सवयीने तिचा हात खाली मोटरीकडे गेला. तिथे चौकटीला फक्त बोल्टची भोकं होती. तिने हात मागे घेतला नाही. त्या रिकाम्या भोकांनाच कुंकू लावलं, एकेका भोकाला, नीट. मग ताट उचललं आणि म्हणाली, "चल, अण्णांकडे जाऊन येऊ. मोटरीला लावून येते."

शेड झेंडूने भरली होती. केळीचे खुंट बांधलेले, यंत्राच्या प्रत्येक चाकाला हार. अख्खा बोळ जमला होता. अण्णांनी त्या दिवशी धोतर नेसलं होतं आणि ते चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटत होते. लोक आपापल्या वस्तू शोधत होते आणि ओळख पटली की आनंदाने ओरडत होते.

"ते बघा माझ्या पोराचं चाक!" पोस्टमन म्हणाला. "चाक पळायला लागलं, पोरगं अजून रांगतंय!"

"नम्म सायकल री, नम्म सायकल!" अक्कांनी आपल्या सायकलच्या हबाला नमस्कार केला. "भाऊ आला की ह्याच्यावरच बसवून पाठवते आता त्याला."

काकू दाराशी उभ्या होत्या. त्या कशालाच नमस्कार करत नव्हत्या.

आई गर्दीतून वाट काढत पुढे गेली, वाकली आणि मोटरीला कुंकू लावायला लागली.

"वहिनी, मशीनला लावा, एकदाच," अण्णा म्हणाले. "मोटरीला वेगळं कशाला? आता ती वेगळी कुठे राहिलीय!"

आई सरळ झाली. बोटाला कुंकू तसंच. "अण्णा," ती सगळ्यांसमोर म्हणाली, आणि तिच्यासाठी ते किती कठीण होतं हे मला तिच्या मानेवरून कळलं, "दसऱ्यानंतर खानावळीला पीठ द्यायचंय. नाहीतर ते काम जातंय."

मग अण्णांनी हात पसरले, सगळ्यांकडे वळले, आणि सगळ्यांना कळलं काय येणार आहे ते. "ग्राइंडरची मोटर..." त्यांनी सुरुवात केली.

"ग्राइंडरलाच!" पोस्टमनने पुरं केलं. शेड हसण्याने भरली.

मी आईकडे बघत होते. तिचे ओठ हलले. तेच हसू यायला लागलं होतं, पडद्यामागून ऐकलेलं. दाराशी काकूंनी डोळे मिटून घेतले.

"आणि रिकाम्या हाताने पाठवतो का मी तुम्हाला?" अण्णांनी यंत्रामागून लाल फडकं काढलं. त्यात एक नवी सुरी होती, आजवरच्या सगळ्यांत देखणी. मुठीला पितळी कडं. लोकांनी "वा" केलं. त्यांनी ती आमच्या पुढ्यात, शेडच्या दगडी पायरीवर ठेवली, नेहमीसारखे मागे सरले आणि माझ्याकडे वळले. "ए मिस, उचल की. आईचा हात दुखतो ना? आणि रगड्याचं काय एवढं, तू आहेसच की घरात पडून!"

पुन्हा सगळे हसले. काही वाईट हेतू नव्हता कुणाचा. हे मला नंतर पुष्कळांनी समजावलं.

मनात वाक्यं आली, इंग्रजीतली, 'काइंडली' लावलेली. मी ती येऊ दिली आणि जाऊ दिली. सुरी पायरीवर होती. झेंडूच्या पाकळ्या तिच्यावर पडत होत्या. मी वाकले नाही.

"उचल गं," अण्णा म्हणाले. "लाजतेस काय?"

मी उजवा हात पुढे केला, पसरून, त्यांच्यासमोर. तो मी तसाच ठेवला.

अण्णा हाताकडे बघत राहिले. हसू अजून तोंडावर होतं, पण आता ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. "अगं, हातात देत नसतात सुरी. भांडण होतं."

"माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणूनच सांगते. हातात द्या."